बॅटरी संपेपर्यंत

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या. पण ज्या फाईली मी माझ्या या कानांनी ऐकल्या, त्या खोट्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि भुतं रात्री बाराला येतात हे आधी डोक्यातून काढून टाका. हे सगळं घडलं ते भर दुपारी. बरोब्बर सव्वातीनला. तिसऱ्या मजल्यावरच्या, दोन खोल्यांच्या, भरपूर उजेडाच्या घरात.

तिथे माझी थोरली बहीण आणि बाबा राहतात. मी धाकटी, दुसऱ्या गावात असते. त्यामुळे गोष्ट माझी नाही, ताईची आहे. तिने सांगितली तशी सांगते.

ताई एका वेबसाईटसाठी वस्तू पारखून त्यांच्याबद्दल लिहिते. पंखे, मिक्सर, फोन, काय वाट्टेल ते. कंपनी वस्तू पाठवते, ताई ती वापरते, लिहिते आणि परत पाठवते. आमची ताई म्हणजे ताकही फुंकून पिणारी. तिचे नियम म्हणजे दगडावरची रेघ.

प्रत्येक वस्तू चौदा दिवस वापरायची.

डोक्यावर घालायची असेल, तर दोन वेगवेगळ्या डोक्यांवर घालून बघायची.

बॅटरीवर चालणारी असेल, तर एकदा पूर्ण चार्ज करायची आणि मग बॅटरी संपेपर्यंत चार्जरला हात लावायचा नाही. बॅटरी संपली, किंवा मध्येच चार्जर लावला, की परीक्षा तिथेच संपली. वहीत तारीख, वेळ आणि खाली एक आडवी रेघ. रेघ ओढली की काम झालं.

ही रेघ लक्षात ठेवा.

गेल्या वर्षी तिच्याकडे एक वायरलेस गेमिंग हेडसेट आला. काळा, भला मोठा, कडेला बारीकसा हिरवा दिवा. संपादकांचं म्हणणं असं की गेम खेळणारे तो घेतीलच, पण बाकीच्यांना रोजच्या कामाला चालेल का ते लिही. ऑफिसचे कॉल, गाणी, टीव्ही, घरात कामं करत फिरणं. ताई म्हणाली, मी जन्मात गेम खेळलेले नाही. संपादक म्हणाले, म्हणून तर तुला दिलाय.

त्या हेडसेटबरोबर बोटाच्या पेराएवढा एक रिसीव्हर होता. तो ज्या यंत्रात खोचाल, त्याचाच आवाज कानात येणार. दुसऱ्या कशाचा नाही. ताईने तो बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला लावला. माईक तपासण्यासाठी रेकॉर्डिंगही जोडून ठेवलं. हेडसेट डोक्यावर चढवला की रेकॉर्डिंग आपोआप सुरू, काढला की बंद.

मग माईकसमोर तिने दर वेळेप्रमाणे आमच्या लिफ्टमधली सूचना वाचली. 'एका वेळी सहा व्यक्ती. आग लागल्यास लिफ्टचा वापर करू नये.' प्रत्येक माईकसमोर ती हेच वाचते. आग लागली तर अख्ख्या इमारतीत फक्त ताईच जिन्याने उतरेल असं मी तिला चिडवते.

पहिल्या तीन दिवसांत वहीत लिहिलं होतं ते असं. कॉलवर आवाज स्वच्छ. माईक फक्त माणसाचा आवाज पुढे पाठवतो. मिक्सर, पंखा, वाहतं पाणी, सगळं गाळून टाकतो. दोन भिंतींपलीकडेही आवाज तुटत नाही. चष्म्याच्या काड्या टोचतात. घालून दुकानात गेल्यास लोक बघतात.

चौथा दिवस मंगळवार होता. दुसऱ्या डोक्याचा दिवस.

दुसरं डोकं म्हणजे बाबा.

बाबांबद्दल सांगायला हवं. त्यांनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला हेडफोन लावून लोकांचे कॉल जोडून द्यायचे. त्यानेच कान थोडे मंदावले. निवृत्तीनंतर टीव्ही मोठ्या आवाजात लावायची सवय लागली ती त्यामुळेच.

हेडसेट यायच्या दोन वर्षं आधी, एका दुपारी ते मॅच बघत बसले होते. ताई कामाला बाहेर गेली होती. आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली.

तिने हाका मारल्या.

बाबांना ऐकू आल्या नाहीत.

मॅच संपल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला, तेव्हा त्यांना नळ वाहत असल्याचा आवाज आला. आई तोवर गेली होती. तिच्या हातातलं घड्याळ पडताना फुटलं होतं आणि काटे सव्वातीनवर थांबले होते.

त्या दिवसापासून बाबांच्या तोंडाला कुलूप लागलं. 'हो', 'नको', 'असू दे', एवढंच. टीव्ही पुन्हा कधी लागला नाही. तीस वर्षं परक्यांच्या हाका जोडून दिल्या आणि घरातली एक हाक चुकली, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण आम्हाला ते दिसत होतं आणि बघून आमचा जीव तुटत होता.

तर त्या मंगळवारी जेवणं झाल्यावर ताईने हेडसेट बाबांच्या डोक्यावर ठेवला. टोचतोय का, जड वाटतोय का, एवढंच विचारायचं होतं. बाबा म्हणाले, 'असू दे.' ताई ओटा आवरायला गेली.

परत आली तेव्हा बाबा मान एका बाजूला कलवून बसले होते.

कुणाचं तरी ऐकत असल्यासारखे...

तिने हेडसेट काढायला हात पुढे केला. बाबांनी तिचं मनगट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. "लाईन चांगली आहे."

दोन वर्षांतलं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य. ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. शांतता आवडली असेल, जुन्या नोकरीची आठवण झाली असेल, असं तिने मनाशी धरलं आणि वहीत लिहिलं, 'वयस्कर माणसांनाही आरामदायी.'

दुसऱ्या दिवशी तीन वाजून गेल्यावर बाबांनी आपणहून मागितला. त्याच्या पुढच्या दिवशीही. जेवण वाढलं. रंग सुधारला. ताईचा जीव भांड्यात पडला. तिने मला फोन करून सांगितलं की औषधांनी झालं नाही ते गेम खेळायच्या यंत्राने केलं. आम्ही दोघी हसलो.

आठव्या दिवशी ताईला आतल्या खोलीतून हसू ऐकू आलं.

बाबांचं हसू.

तिला वाटलं, कॉम्प्युटरवर काहीतरी लागलेलं राहिलं असणार. जाऊन पाहिलं. काहीच लागलेलं नव्हतं. रिसीव्हर जागेवर होता, आवाज शून्यावर होता.

म्हणजे हेडसेटमध्ये काहीही ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता...

बाबा झोपल्यावर तिने तो स्वतःच्या कानाला लावून पाहिला. आवाज नाही, खरखर नाही, काही नाही. फक्त कानाच्या गाद्या कोमट होत्या. बाबांनी हेडसेट काढून तास उलटला होता.

अकराव्या दिवशी तिच्या दुसरी गोष्ट लक्षात आली. खोक्यावर बॅटरी चाळीस तास चालेल असं छापलं होतं. ताईच्या वहीत बासष्ट तास झाले होते.

दिवा हिरवाच होता.

तेव्हा तिने रेकॉर्डिंगच्या फाईली उघडल्या. माईकबद्दलचा भाग लिहायचाच होता. सुरुवातीला तिचाच आवाज, लिफ्ट, सहा व्यक्ती. आणि त्याखाली, मंगळवारपासून रोज एक फाईल...

तीन वाजून पंधरा मिनिटं.

तीन वाजून पंधरा मिनिटं.

तीन वाजून पंधरा मिनिटं.

तिने पहिली लावली. बाबा बोलत होते. आम्ही विसरून गेलो होतो तितक्या मोकळ्या आवाजात.

"हो, येतंय ऐकू."

मग शांतता. समोरचं माणूस बोलत असताना आपण गप्प राहतो ना, तेवढीच.

"आता नीट येतंय गं. तेव्हा टीव्ही मोठा होता."

पुन्हा शांतता. ताईने आवाज वाढवला. त्या शांततेत अगदी बारीक काहीतरी होतं...

वाहत्या नळाचा आवाज.

माईक जो आवाज सगळ्यात आधी गाळून टाकतो, तोच. आणि बाबांच्या खोलीत नळ नाही.

"किती वेळा हाक मारलीस?" बाबा विचारत होते.

नळ वाहत राहिला.

"सात वेळा?" बाबांचा आवाज फुटला. "सात वेळा मारलीस?"

ताईने फाईल थांबवली. कारण आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ताईला जिन्यात गाठून सांगितलं होतं, सात वेळा 'अहो' ऐकलं बाई मी, वाटलं चहाला बोलावतेय. ताईने ते मनात पुरून टाकलं होतं. बाबांना कळलं तर ते उभ्या उभ्या खचतील म्हणून तिने मलाही सांगितलं नव्हतं. काकू पुढच्याच महिन्यात मुलाकडे राहायला गेल्या.

मग बाबांना सात कुणी सांगितलं?

तिने शेवटची फाईल लावली. आदल्या दिवशीची.

"येतो म्हटलं ना," बाबा म्हणत होते. समजूत घालावी तसे. "पण थोरलीचं काम चाललंय, या यंत्राचं. मध्येच सोडलं तर तिचा खोळंबा होईल. तिची रेघ ओढून झाली, की येतो."

चौदा दिवसांपैकी तीन उरले होते.

ताईने हेडसेट कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. सव्वातीनला बाबा उठून कपाटासमोर उभे राहिले. काही मागितलं नाही, चिडले नाहीत. अंधार पडेपर्यंत तसेच उभे होते. रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाणीही घेईनात.

"ती हाका मारत असेल," एवढंच म्हणाले. "परत मला ऐकू येत नाहीये."

ताईने कपाट उघडलं. तुम्ही असतात तर तुम्हीही उघडलं असतं.

चौदाव्या दिवशी संपादकांचा फोन आला. ताईने सांगितलं, बॅटरीची परीक्षा अपुरी आहे, बॅटरी संपल्याशिवाय मी रेघ ओढत नाही. ते चिडले. आठवड्याने पुन्हा चिडले. मग त्यांनी दुसऱ्या कुणाकडून तरी दुसऱ्या हेडसेटवर लिहून घेतलं. कंपनीनेही एक-दोनदा विचारलं. नंतर नवीन मॉडेल बाजारात आलं आणि जुन्याची कुणाला आठवण राहिली नाही.

अकरा महिने झाले.

बाबा रोज सव्वातीनला हेडसेट घालतात, तासभर बोलतात, मग उठून चहा मागतात. नीट जेवतात. ताईशी थट्टा करतात. तो हेडसेट अकरा महिन्यांत एकदाही चार्ज झालेला नाही. ताईची वही त्याच पानावर उघडी असते आणि खाली रेघ नाही. बाबांना धरून ठेवणारं नेमकं काय आहे हे तिला ठाऊक होतं, आणि ती त्याला बोट लावायलाही धजत नव्हती.

गेल्या गुरुवारी दिवा नारिंगी झाला...

ताईचा फोन आला तेव्हा मला आधी तिचं रडणंच कळेना. मिळेल त्या गाडीने मी आले. पोचले तेव्हा बाबा खिडकीशी बसून नखं कापत होते. मला बघून हसले. म्हणाले, धाकटी आली, बरं झालं, ती विचारत होती.

कोण विचारत होती, हे मी विचारलं नाही.

काल ताईने मन घट्ट केलं आणि सरळच विषय काढला.

"बाबा, मी हेडसेट चार्जरला लावू?"

"लावलास तर तुला रेघ ओढावी लागेल."

"नाही ओढणार."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. लहानपणी आम्ही खोटं बोललो की बघायचे तसं, पण मायेने.

"तुझ्या वहीत तू खोटं लिहिणार नाहीस," ते म्हणाले. "मी तिला तसंच सांगितलंय. फार दिवस थांबलीय गं ती."

ताई तिथून उठली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

चार्जर लावला तर परीक्षा संपते. नाही लावला तर बॅटरी संपते. इकडे आड, तिकडे विहीर.

आज सकाळी दिवा लाल झाला.

मी हे बाहेरच्या खोलीत बसून लिहितेय. बाबांनी दाढी केली आहे. परवा इस्त्री करून आणलेला शर्ट घातला आहे. आतल्या खोलीत ते खुर्चीत बसलेत, हेडसेट मांडीवर आहे. ताई माझ्यासमोर बसली आहे. वही उघडी आहे, पेन तिने केव्हाच खिडकीतून खाली फेकून दिलं आहे.

चार्जरची वायर टेबलावर आहे. आम्ही दोघी तिच्याकडे बघतोय.

सव्वातीन वाजायला वीस मिनिटं आहेत.

आणि मघापासून बाथरूममधून नळाचा आवाज येतोय. मी दोनदा जाऊन पाहून आले. नळ घट्ट बंद आहे.