पेवातला दोर

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर अणदूरला या, मी जागा दाखवतो.

१९४६ साल. निजामाचं राज्य. चैत्रातली संध्याकाळ, दिवस मावळायच्या बेतात होता.

माझा जन्म व्हायचा होता. पण माझे वडील, विरुपाक्ष, तिथं उभे होते. त्यांनी आयुष्यात कधी पदरचं काही सांगितलं नाही. ते काम आमच्या काकांचं.

काका म्हणजे शंकरप्पा, वडिलांचे थोरले भाऊ. ज्वारीचे व्यापारी. गावातली पहिली मोटार त्यांची, आणि तिची मिजास एवढी की परक्या मिस्त्रीचा हात लागू द्यायचे नाहीत. इंजिनातलं ऑइलसुद्धा घरीच बदलणार म्हणाले.

तेही पेवावर!

पेव म्हणजे ज्वारी साठवायचं जमिनीतलं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत मात्र खोलीएवढी जागा. आतली हवा कोंदट, विषारी. म्हणून उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधतात आणि वरचा माणूस तो धरून बसतो. खालच्याचा जीव घाबरला की तो दोराला झटका देतो. झटका आला की ओढायचं. वरच्यानं दोर हातातून सोडायचा नाही, एवढा एकच नियम.

काकांनी तो मोडला होता.

आदल्या वर्षी मोटार सोलापूरहून आली, तेव्हा आमचा सालगडी धुळाप्पा पेवात उतरलेला होता. दोर काकांच्या हातात. तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. काकांनी दोर खुंटीला अडकवला आणि मोटार बघायला पळाले. माझे वडीलही त्यांच्या मागं.

परत आले तेव्हा... दोर हलत नव्हता. धुळाप्पाला वर काढलं, पण तो गेलेला होता.

धुळाप्पाची बायको गजराबाई आमच्याच गोठ्यात राबायची. तिनं भरपाई मागितली नाही, की कधी तोंडावर शिवी दिली नाही. तिचं एकच मागणं होतं.

"मालक, त्येंचा जीव अजून खालीच हाय. एकदा त्योच दोर आत टाका अन् तुमच्या हातानं वर वडा. मंग बुजवा पेव."

"खुळी का काय तू, गजरे?" काका हसायचे. "मेलेलं माणूस कुठं दोर धरतंय व्हय?"

पेव बुजवलं नाहीच. रिकाम्या पेवात काकांना सोय दिसली. मोटार त्याच्या तोंडावर आणून उभी केली की खाली पाय सोडून बसायला जागा होते!

त्या दिवशी त्यांनी मोटार नळदुर्गपर्यंत पळवून आणली. इंजिन गरम असलं की जुनं ऑइल पातळ होऊन नीट उतरतं. चाकांना दगड लावले. काका मोटारीखाली शिरले आणि पेवात पाय सोडून बसले. त्यांच्या पायांखाली दोरानं एक घमेलं लोंबत ठेवलं. दोराचं दुसरं टोक बाहेर वडिलांच्या हातात. जुनं ऑइल वाया घालवायचं नव्हतं, बैलगाडीच्या चाकांना वंगण म्हणून ठेवायचं होतं.

दोर मात्र तोच होता. धुळाप्पाच्या कमरेचा. काकांना नवा घ्यायचं जिवावर आलं होतं.

पान्यानं बूच सुटलं. काळी धार घमेल्यात पडू लागली. तड तड तड...

आणि आवाज थांबला.

"आण्णा, संपलं का?" वडिलांनी विचारलं.

"न्हाय. धार चालूच हाय."

धार चालू होती. पण ती कशावरच पडत नव्हती...

"विरुपाक्ष, दोर हलवू नको."

"म्या न्हाय हलवला, आण्णा."

मग वडिलांच्या हाताला झटका बसला.

खालून.

थोडं थांबून... पुन्हा एक.

वडिलांनी दोर ओढला. घमेल्याचं ते वजन नव्हतं. त्यांनी पाय रोवले, दोन्ही हातांनी ओढलं. दोर हातभर वर आला... आणि काका मोटारीखाली किंचाळले. त्यांनी खाली काय पाहिलं, ते मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

"सोड! सोड त्यो दोर!"

वडील म्हणायचे, "मला कळत व्हतं रं, खाली कोण हाय त्ये. हात सोडायला तयार नव्हतं. पण थोरला भाऊ वरडत व्हता."

त्यांनी दोर सोडला.

खाली धप्पकन आवाज झाला. घमेलं पडल्याचा नव्हे. माणूस पडल्याचा.

काका कसेबसे बाहेर आले. मागं शेणाची पाटी घेऊन गजराबाई उभी होती. ती कधी आली, कुणाला कळलं नाही.

"झटका आला व्हता न्हवं, मालक?"

काका हातांचं तेल धोतराला पुसू लागले.

"ह्या बारीला तरी वडायचं व्हतं."

एवढंच बोलली. पाटी खाली ठेवली आणि गेली. पुन्हा गावात दिसली नाही.

दुसऱ्याच दिवशी काकांनी पेव मुरमानं बुजवून टाकलं, दोर आणि घमेल्यासकट. वर्षभर ती बाई हेच तर मागत होती. फक्त आधी वर ओढा म्हणाली होती... मला आजही काकांची चीड येते.

बूच पेवातच पडलं होतं. मोटार पुन्हा चालली नाही. तिच्यात गोवऱ्या ठेवायचे. वडिलांनी नंतर जन्मात कुठला दोर धरला नाही, विहिरीचासुद्धा.

आता काका नाहीत, वडील नाहीत. घरात मी एकटा उरलोय.

परवा अंगण झाडताना पेवाच्या जागी काहीतरी पायात अडकलं. वाकून बघितलं...

दोराचं टोक होतं. जमिनीतून वीतभर वर आलेलं. इतक्या वर्षांत कुजायला हवा होता. तो काळा आहे, तेलकट आहे. आणि ओला आहे.

मी हात लावलेला नाही. लावायची हिंमतच होत नाही.

पण काल संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो. वारा नव्हता. अंगणात कोणी नव्हतं...

आणि टोक हललं. झटका दिल्यासारखं.

ओढावं, तर वर काय येईल माहीत नाही. न ओढावं, तर आमच्या घरानं धुळाप्पाला तिसऱ्यांदा सोडलं, असं होईल.