मॉसी आजीचा ओंडका

होलिस टिडवेलला मरणाची घाई नव्हती, पण शवपेटीची होती. छातीच्या दुखण्याने पंधरा दिवस अंथरुणाला खिळलेल्या या म्हाताऱ्याचा एकच हट्ट होता. पेटी हवी ती आपल्या वडिलांनी तोडलेल्या, तळ्यात बुडालेल्या सायप्रस झाडाच्या ओंडक्याची! म्हणून त्याची मुलगी लुर्लीन आणि त्याचा धाकटा भाऊ रॉस्को भल्या सकाळी लुइझियानाच्या त्या दलदलीच्या तळ्यात होडी घालून निघाले.

तळ्याच्या तोंडाशी, होलिसच्या खिडकीसमोरच, एक पोकळ सायप्रस उभा होता. लुर्लीनने त्यावर वल्ह्याने तीन ठोके मारले.

"मॉसी आजी, आम्ही टिडवेलांकडची माणसं गं!"

मॉसी आजी म्हणजे तळ्याची राखणदार; झाडांवरून लोंबणारं करडं शेवाळ म्हणजे तिचे केस. न विचारता आत शिरलं, की ती वाट फिरवते.

"कॉफी घेतेस का, तेही विचार तिला," रॉस्को खिदळला.

"काका, ठोके तुम्हीही मारायला हवेत."

"साठ वर्षं या पाण्यात काढलीत, पोरी. मला वाट पाणगवत सांगतं."

ते खरंच होतं. पाण्याखालचं गवत प्रवाहाच्या ओढीने नेहमी तळ्याच्या तोंडाकडे झुकायचं. ते बघत वल्हवलं, की माणूस घरी पोचायचा.

दुपारी ओंडका सापडला! टोकावर वडिलांच्या कुऱ्हाडीची फुली तशीच होती. रॉस्कोने तिच्यावरून बोट फिरवलं. मग दोघांनी रिकामी पिंपं बांधून ओंडका वर तरंगवला आणि होडीमागे दोराने जोडला.

तेवढ्यात वारा सुटला, पावसाची झड आली. दहा हातांपलीकडचं दिसेना! रॉस्को वाकून गवत बघत होता आणि लुर्लीन तो सांगेल तसं वल्हवत होती. तासाभराने मात्र झाडं विरळ व्हायच्या ऐवजी दाटच झाली. लुर्लीनने पाण्यात हात घालून ओढ चाचपली.

"काका, वाऱ्याने पाणी उलटं लोटलंय! आपण आत आत चाललोय!"

रॉस्कोचा चेहरा उतरला. त्याच क्षणी एक पिंप मुळावर आपटून फुटलं. ओंडका बुडाला. होडीचं मागचं टोक खाली गेलं. पाणी आत घुसलं!

"दोर कापा!"

"दादाचा आहे तो!"

"बाबा जिवंत आहेत अजून!"

रॉस्कोने सुरी चालवली. होडी उसळून सरळ झाली. दोघं चिंब भिजली होती, आणि वाट कुठेच नव्हती.

मग रॉस्कोने टोपी काढली. शेजारच्या झाडावर त्याने तीन ठोके मारले. "आजी, चुकलं माझं."

दुरून उत्तर आलं. ठक्. ठक्. ठक्.

लुर्लीनच्या अंगावर काटा आला! रॉस्को तर वल्हंच विसरला. पण ठोके थांबेनात. त्यांच्या रोखाने दोघं जीव खाऊन वल्हवू लागली, आणि अखेर झाडं बाजूला झाली.

पोकळ सायप्रसपाशी काठावर होलिस बसला होता. अंगावर घोंगडी, हातात फावड्याचा दांडा, आणि तो अजून झाडावर ठोकतच होता.

"खिडकीतून पाणी फिरलेलं दिसलं," तो धापा टाकत म्हणाला. "हा शहाणा गवत बघत बसणार, हे ठाऊकच होतं. ओंडका?"

"आजीने ठेवून घेतला, दादा."

होलिस खोकला, मग हसला. "म्हणजे मला थांबणं आलं."

"आणि आम्ही काही पुन्हा तो आणायला जाणार नाही, बाबा," लुर्लीन रडत रडत म्हणाली.

"नकाच जाऊ," होलिस म्हणाला, आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन घराकडे चालू लागला.