निरोपाची सवय

सांगलीत आताशा कुणी कुणाचे बोलणे तोडत नसे. सवयरोपण सुरू होऊन सहा वर्षे झाली होती. एखादी कृती हजारदा केली की मेंदूत तिची वाट पडते आणि मग ती मनाला न विचारता घडते. ती वाट चाळीस मिनिटांत, बाहेरून, चुंबकीय स्पंदांनी पाडायची, एवढीच कल्पना.

पंचावन्नाव्या वर्षी जनार्दन उकिडव्याने सुसंवादाची सवय रोपून घेतली; जवळच्या माणसांशी बोलताना जिभेवर आपोआप समंजस वाक्येच येत. जिभेने तोडलेली माणसे पुष्कळ होती. उरला होता बालमित्र दिगंबर. निदान तो तरी टिकावा.

वैशाखात दिगंबरची बायको गेली. चौथ्या दिवशी जनार्दन भेटायला गेला. त्याने ऐकले, मान हलवली, थांबून थांबून उत्तरे दिली.

"जन्या, शिव्या घालायचास रे मला," दिगंबर म्हणाला. "आज एक तरी घाल."

"तुला जुनी जवळीक हवीशी वाटतेय. मला समजतंय."

दिगंबरने तोंड फिरवले.

सुतकाच्या घरातून उठताना ‘येतो’ म्हणायचे नसते. मुकाट्याने चालू पडायचे. अशा कारणाने पुन्हा येणे कुणालाच नको असते. जनार्दनला हे लहानपणापासून ठाऊक होते. तरी उंबऱ्यावर तो वळला आणि त्याचे ओठ प्रसन्नपणे म्हणाले, "भेटून छान वाटलं. लवकरच पुन्हा येतो."

दिगंबरने दार लावून घेतले.

"काढून टाका हे," जनार्दन डॉ. मृण्मयी केळुसकरांना म्हणाला. रोपण त्यांनीच केले होते.

"काढता येईल. पण नवी वाट पाडताना तुमची जुनी आम्ही बुजवली, उकिडवे. ही काढली तर खाली काहीच नाही. शब्दच यायचे नाहीत."

"मग त्याची माफी कशी मागू?"

"आहे त्या वाटेनं. उत्तम मागाल."

"बाई, उत्तम नकोय हो मला."



संध्याकाळी त्याने फोन लावला. माफी आली, संथ, नितळ, एकही शब्द न अडखळता.

"झालं?" दिगंबरने विचारले. "आता तू बोल."

जनार्दनने डोळे मिटले. त्या सुरेख वाक्यांच्या मागे आपले दुःख कुठे उभे आहे का, हे तो चाचपू लागला. तेवढ्यात त्याच्याच तोंडून आवाज उमटला, "तू मनातलं बोललास, याबद्दल आभारी आहे."

तो आवाज जनार्दन ऐकत राहिला. दिगंबर ऐकत होता तसाच, बाहेरून.