हौदामागचे नऊ सेकंद

शालिग्राम भदाणे यांनी सत्तावीस वर्षं पाचोरा-जामनेर छोट्या गाडीवर गार्ड म्हणून काढली. त्या लाइनीवर वक्तशीरपणाचं कुणाला फारसं काही नव्हतं. वरखेडीला एखादी म्हातारी गाठोडं सांभाळत पळत येताना दिसली की ड्रायव्हर गाडी खुशाल उभी ठेवी आणि डब्यातले लोकही त्या म्हातारीलाच हाका मारून धीर देत. पण ती दोन मिनिटं भदाणे टिपून ठेवत. गाडी लेट झाली याचं त्यांना दुःख नसे, का लेट झाली ते सांगता आलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

ते निवृत्त झाले, पुढे लॉकडाऊनमध्ये ती गाडी थांबली ती थांबलीच. दोन-तीन वर्षं त्यांनी पेपर वाचण्यात आणि लिंबाला पाणी घालण्यात घालवली. मग एका दिवाळीनंतर त्यांनी घरामागच्या मोकळ्या जागेत दोरी धरून चुन्याची रेघ मारली आणि बायकोला, लताबाईंना सांगितलं की इथून गाडी जाणार.

लताबाईंनी फक्त तुळस हलवायची नाही एवढी अट घातली.

चार महिने काम चाललं. फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी पट्ट्या आणल्या, जुन्या खिडकीच्या चौकटी कापून रुळांखाली घालायला बोटभर जाडीचे स्लीपर केले, खडी चाळून घेतली. तेलाच्या डब्यांचे तीन डबे झाले. इंजिनाला भंगारातल्या मोटारीची वायपरची मोटर बसवली आणि खाली बॅटरी. रुळांमधलं अंतर चार बोटं. लाइन कडुनिंबाखालच्या बाकासमोरून निघे, तुळशीला वळसा घाली, कोपऱ्यातल्या पाण्याच्या हौदामागे जाई आणि अडुळशाच्या झुडपातून पुन्हा बाहेर येई. हौदामागचा आठ फुटांचा तुकडा तेवढा बाकावरून दिसत नसे. त्याच्यापलीकडे पुरुषभर उंचीची कंपाउंडची भिंत होती.

होळीनंतरच्या रविवारी त्यांनी शिट्टी फुंकली, हिरवी झेंडी दाखवली आणि गाडी सोडली. पूर्ण फेरीला बासष्ट सेकंद लागले. त्यातले हौदामागचे नऊ. आठवडाभर रोज तेच आकडे आले आणि भदाणे लहान मुलासारखे खूश झाले.

नवव्या दिवशी हौदामागे चौदा सेकंद लागले.

बॅटरी उतरली असेल म्हणून त्यांनी ती बदलली. दुसऱ्या दिवशी चाळीस. त्यांनी रूळ पुसले, चाकांना तेल दिलं, हौदामागे उकिडवं बसून गाडी नजरेसमोरून जाऊ दिली. नऊ. पुन्हा बाकावर येऊन बसले. एक मिनिट दहा. तीन दिवस त्यांनी हेच केलं. मागे बसून बघत असले की गाडी त्यांच्यापुढून नऊ सेकंदांत निघून जाई. एकटे बाकावर बसले की वेळ वाढत जाई.

त्याहून त्यांना आवाजाने कोड्यात टाकलं. गाडी अडकली असती तर मोटरचा आवाज एका जागी घुमला असता. तसं होत नव्हतं. हौदामागे गेल्यावर तो आवाज लहान लहान होत जाई, शेतातून लांब जाणाऱ्या गाडीचा व्हावा तसा. हौद बाकापासून वीस पावलांवर. मग काहीच ऐकू येत नसे. मग लांबून पुन्हा ऐकू येऊ लागे. एकदा बाहेर आलेलं इंजीन त्यांनी हातात घेतलं. एप्रिलचा महिना, अंगणात पाय ठेववत नव्हता, आणि पत्रा गार होता. वरून ओलसर.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? सत्तावीस वर्षं ज्यांनी प्रत्येक मिनिटाचं कारण दिलं, त्यांना आता आठ फुटांचा हिशेब लागत नव्हता. आपलं डोकं फिरतंय का, असं त्यांच्या मनात आलं. त्यांचे वडील शेवटी शेवटी आंघोळ झाली की नाही हे विसरत असत.

शेवटी त्यांनी लताबाईंना हौदामागे उभं राहायला सांगितलं.

सकाळचे दहा वाजले होते. त्या नुकत्याच न्हाल्या होत्या. केस मोकळे, पाठीवर ओलाव्याचा डाग पसरलेला. धुणं वाळत घालून झालं होतं आणि गॅसवर डाळीचा कुकर चढवलेला होता. एवढ्या वयात काय पोरखेळ, असं पुटपुटत त्या अडुळसा बाजूला करून मागे गेल्या. गाडी त्यांच्याकडे गेली. आवाज लहान होत गेला आणि थांबला.

पाच मिनिटं गेली. भदाण्यांनी हाक मारली. उत्तर आलं नाही. दहा मिनिटं झाली तेव्हा ते उठून मागे गेले.

हौदामागे कुणी नव्हतं. रूळ होते, खडी होती, भिंतीवर एक सरडा होता. फाटकाला आतून कडी होती. त्यांनी घर बघितलं, मोरी बघितली, गच्चीवर जाऊन आले. पुन्हा हौदामागे आले आणि त्या आठ फुटांत हात पसरून, आंधळ्यासारखे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले. मग बाकावर येऊन बसले.

चौतीस मिनिटांनी लांबून गाडीचा आवाज आला. ती अडुळशातून बाहेर पडली आणि तिच्यामागून लताबाई आल्या.

"झालं? एवढंच?" त्या म्हणाल्या.

त्यांच्या केसांतून पाणी टपकत होतं.

"कुठे होतीस?"

लताबाईंचं माहेर एरंडोलकडच्या खेड्यातलं. गोंधळल्या की त्यांच्या तोंडी तिकडची बोली येई. "आठेच तं शे मी. कोठे जासु?" इथेच तर आहे, जाणार कुठे, असं त्या म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष दोरीकडे गेलं. आत्ताच पिळून टाकलेलं धुणं वाळून कडक झालं होतं. घरातून करपलेल्या डाळीचा वास येत होता. आत जाऊन त्यांनी गॅस बंद केला आणि बराच वेळ ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

त्या रात्री त्यांनी धुळ्याला मुलाला फोन केला. हितेंद्र तिथे ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवत होता. लताबाईंनी त्याला एवढंच सांगितलं की कुकर जळून काळा पडला, त्याचे नाना समोरच बसले होते, त्यांना कळलं नाही. बाकीचं सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. हितेंद्रने त्यातून जे समजायचं ते समजून घेतलं. शनिवारी सकाळी तो मोटार घेऊन हजर झाला. जळगावच्या डॉक्टरांची वेळ त्याने आधीच घेऊन ठेवली होती. तपासणी झाली की दोघांनी धुळ्याला यायचं, हे घर बंद करायचं, असं त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं. भदाण्यांनी मान खाली घालून ऐकलं आणि मग सगळे आकडे त्याच्यापुढे ठेवले.

हितेंद्र हसला नाही. तो भला मुलगा होता. त्याने आकडे दोनदा वाचले.

"नाना, एकदा माझ्यासमोर करू," तो म्हणाला. "मी मागे उभा राहतो. नऊ सेकंदांत गाडी बाहेर आली तर तुम्ही माझं ऐकायचं. हे रूळ मी आजच काढतो."

"मागे मी जातो. तू बाकावर बस."

"तुम्ही मागे गेलात तर मोजणार काय? तुमचं म्हणणं आहे ना, बाकावरून वेळ वेगळी दिसते. मग तुम्हीच बाकावर पाहिजेत."

त्यात चूक काढता येईना. लताबाई दारात उभ्या होत्या. त्या दोनदा नको म्हणाल्या, पण का नको ते त्यांना सांगता आलं नाही. हितेंद्र बाह्या सरसावत हौदामागे गेला. दाढी घोटलेली, प्रवासातही शर्टाची इस्त्री न मोडलेली. अडुळसा हलला आणि स्थिर झाला.

"सोडा, नाना."

भदाण्यांनी शिट्टी तोंडात धरली. ओठ कोरडे पडले होते, ती दुसऱ्यांदा फुंकल्यावर वाजली. गाडी निघाली. तुळशीला वळसा घालून हौदामागे गेली.

त्यांनी मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू केलं.

आवाज लहान झाला नाही. होता तेवढाच राहिला.

सात. आठ. नऊ.

गाडी बाहेर आली.

भदाणे आकड्याकडे बघत राहिले. नऊ. म्हणजे आपलंच डोकं. म्हणजे वडिलांचं होतं तेच. त्यांना रडू यायला हवं होतं, पण छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. जळगावला जाऊ, औषध घेऊ, धुळ्याला राहू. त्यांनी गाडी थांबवली आणि हितेंद्रला हाक मारली. तू म्हणशील तसं करू, असं ते म्हणणार होते.

अडुळसा हलला.

हितेंद्र भिंतीला हात लावत, एकेक पाऊल टाकत बाहेर आला. उन्हात आल्यावर त्याने डोळे मिटले. केस कानांवरून खाली आले होते, दाढी वाढली होती. शर्ट तोच होता, पण खांद्यांवर रंग उडून पांढरा पडलेला, आणि कॉलर विरलेली.

तो कडुनिंबाकडे बघत राहिला. मग बाकाकडे. मग वडिलांकडे.

"नाना," तो म्हणाला. आवाज घोगरा होता, बोलायची सवय मोडलेल्या माणसाचा असावा तसा. "बसा, बसा. उठू नका."

लताबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्याने तो एका दमात रिकामा केला. दुसराही केला. तिसऱ्या वेळी त्याने तांब्या खाली ठेवला आणि आईचा हात हातात घेऊन तो उलटसुलट करून पाहिला. त्याची नखं बोटांबाहेर वाढून वळली होती.

कुठे होतास, हे भदाण्यांच्या ओठांवर आलं. विचारायचं धाडस झालं नाही.

तेवढ्यात बाकावर ठेवलेला हितेंद्रचा फोन वाजू लागला. मागे जाताना त्यानेच तो तिथे ठेवला होता. रोशनीचा फोन होता, त्याच्या बायकोचा. पहाटे उठून तिनेच त्याच्यासोबत डबा दिला होता. तो डबा अजून मोटारीच्या सीटवर होता.

हितेंद्र फोनकडे नुसता बघत राहिला. कसा उचलायचा ते आठवल्यासारखं त्याने बोट फिरवलं आणि फोन कानाला लावला. पलीकडून काहीतरी बोलणं ऐकू येत होतं. तो उभा राहिला, घसा साफ केला.

"नमस्कार," तो जपून, एकेक शब्द उच्चारत म्हणाला. "मी हितेंद्र बोलतोय. हितेंद्र शालिग्राम भदाणे. मी पूर्वी धुळ्याला राहायचो."