उलटा बदाम

बादल पावरा जिना चढून वर आला तेव्हा पुनानानांनी नुकताच डबा उघडला होता. कळण्याची भाकरी, भरीत आणि वर ठेचा. नाना तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. जेवणाच्या वेळी गाडी थांबलीच पाहिजे, हा त्यांचा धर्म. गिऱ्हाईक आलं म्हणून त्यांनी झाकण लावलं खरं, पण तोंड वाकडं करूनच.

मयुरी सैंदाणेने मात्र लगेच खुर्ची पुढे केली. जळगावात बसस्टँडजवळ दोन खोल्यांत तिचा खाजगी तपासाचा धंदा, नाना तिच्या मदतीला. आधी विमा कंपनीत ती खोटे दावे पकडायची. चाळिशीची बाई, बोलायला गोड, पण नजर चाळणीची.

"आधी पाणी घे," ती म्हणाली. "मग सांग."

"ताई, माझ्यावर चोरीचा आळ आहे," पोरगा म्हणाला. पंचविशीचा असेल, डोळे रडून सुजलेले. "आणि जे चोरलं म्हणतात, ते मी आयुष्यात बघितलेलंसुद्धा नाही."

त्याने सांगितलं ते असं. आवेज म्हणून त्याचा मित्र. धुळ्याला आयटीआयला दोघं एका बाकावर. आवेजने एक खेळ बनवला होता, 'लोखंडी पलटण'. टेबलाभोवती बसून खेळायचा. एकजण गोष्ट सांगणार, बाकीचे आपापला रोबो होऊन बोलणार, अडलं की फासा टाकायचा.

"म्हणजे बसल्या जागी सोंगं," नाना म्हणाले.

"तसंच, नाना. गोष्ट आवेजच सांगायचा, आणि तीही अहिराणीत. घरी हिंदी, बाहेर मराठी, पण खेळायला बसला की 'कथा चालना रे डोंगऱ्या?', कुठे निघालास रे, असं सुरू. डोंगऱ्या म्हणजे माझा रोबो."

मग आवेज आजारी पडला. रक्ताचा आजार. दवाखान्यात पडल्यापडल्या त्याने खेळाची पुरवणी लिहिली. तिच्यात वेगवेगळे रोबो जुळून एकच महाकाय रोबो उभा राहतो. जाण्याआधी बारा दिवस त्याने चौघांना एकेक बंद पाकीट दिलं. बादल, सोनल, धर्मेंद्र आणि त्याची धाकटी बहीण अफरीन. आतल्या कागदावर ज्याचा त्याचा रोबो.

"आणि शपथ घातली," बादल म्हणाला. "एकमेकांना दाखवायचं नाही. चौघं एकत्र बसाल तेव्हाच उघड करायचं. पाचवा आल्याशिवाय पलटण जुळणार नाही, म्हणाला."

"पाचवा कुठे आहे?"

"तेच तर! तो गेला, आणि पाचवा कागद सापडेना. पुण्याचा एक प्रकाशक खेळ छापायला तयार आहे. अफरीन म्हणते, आवेजने शेवटच्या दिवशी माझं नाव घेतलं. पाचवा बादलकडे आहे म्हणाला. मी तो दाबून ठेवलाय, स्वतःच्या नावावर छापणार आहे, असं म्हणते ती. त्यानंतर आम्ही चौघं एकत्र बसलोच नाही."

तो थांबला. मग खाली बघून म्हणाला, "गुरुवारी आवेजचा चाळीसवां आहे, चाळिसाव्या दिवसाचा विधी. त्याच्या आईने, हसीनाचाचीने निरोप धाडलाय, बादलने उंबऱ्याला पाय लावायचा नाही. ताई, तीन वर्षं मी त्या माउलीच्या हातचं जेवलो. माझ्या नावाची थाळी आहे त्या घरात, कडेला पोचा आलेली. मला तुमचा प्रकाशक नको न् काही नको. त्या थाळीवर मला परत बसू दे, एवढं करा."

नानांनी गुपचूप डब्याचं झाकण काढलं आणि अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवली.

मयुरीने त्याचा कागद मागितला. जाड चौकोनी कागद, वर नंबर एक, मधोमध डोंगराएवढ्या खांद्यांचा रोबो. खाली उजव्या कोपऱ्यात काही रेघा थेट कडेपर्यंत जाऊन तुटल्या होत्या, अक्षरंही अर्धी छाटल्यासारखी. त्या रेघांत एक छोटं चित्र होतं.

"बदाम!" नाना म्हणाले. पत्त्यांत त्यांचा जन्म गेलेला. "पण उलटा शे. टोक वर."

"आवेज असली चित्रं काढायचा?" मयुरीने विचारलं.

"नाही हो. त्याला हसू यायचं असल्या गोष्टींचं."

*

सोनल असोद्याची. घरची केळीची शेती, स्वतः बँकेत नोकरी. जळगावहून असोदा ते किती? नानांची जुनी गाडी तरी दोनदा गरम झाली.

सोनलने कागद काढून दाखवला. तिची पाणकी नावाची रोबो, नंबर दोन. उलटा बदाम इथेही होता, खाली डाव्या कोपऱ्यात.

"घरच्यांनी हा बदाम बघितला आणि माझं जिणं मुश्कील केलं," ती म्हणाली. "लग्न ठरतंय माझं. आई म्हणते, मेलेल्या पोराने तुझ्यासाठी बदाम काढलाच कसा? ताई, आमच्यात तसलं काही नव्हतं. तो मला बहीण मानायचा. पण सांगू कोणाला? ज्याने सांगायचं तो गेला."

"बादलने चोरी केली असेल?"

"बादल?" ती ओल्या डोळ्यांनी हसली. "फासा उलटा पडला तरी तो खरं सांगायचा."

धर्मेंद्र नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता. जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी येऊन भेटला. प्रकाशकाशी बोलणी त्यानेच केली होती, म्हणून नानांचा संशय आधीच त्याच्यावर बसला होता.

"माझ्याकडे पाचवा असता तर मी बोलणी अडवून धरली असती का?" तो चिडून म्हणाला. "मला तर वाटतं तो सोनलकडेच आहे. बदाम काय उगाच काढला होय?"

"तिच्या कागदावर बदाम आहे, हे तुला कसं कळलं?"

"सगळ्या गावाला कळलंय ते."

"तुझा कागद बघू."

भट्ट्या, नंबर तीन. वरच्या उजव्या कोपऱ्यात रेघा आणि उलटा बदाम.

"आता हा कोणासाठी, तुझ्यासाठी?" नानांनी विचारलं. धर्मेंद्रने कागद ओढून डोळ्यांजवळ नेला; रेघांच्या गर्दीतला हा बदाम त्याने आजवर बघितलाच नव्हता.

गाडीत बसल्यावर नाना म्हणाले, "माले काही समजनं नही. हाऊ पोऱ्या बठ्ठासले बदाम वाटत फिरे का?"

"नाना," मयुरी एकदम म्हणाली, "आत्ताचा तो शब्द परत म्हणा."

"बदाम?"

"त्याच्या आधीचा."

"बठ्ठासले. बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना. तुम्ही धरणगावच्या, तुम्हाला काय मी शिकवू?"

मयुरीने तो शब्द वहीत लिहून घेतला. धुळं येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिली.

*

आवेजचे वडील फारुखभाई धुळ्यात पत्र्याच्या पेट्या बनवायचे. घराजवळच बोळात दुकान. आत हातोडीचा ठणठणाट चालू होता. एक माणूस मांडी घालून पत्र्याची कड वळवत होता. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे दोरा बांधून कानाला अडकवलेला.

"मैंने वो कागज कभी देखे नहीं," ते मान वर न करता म्हणाले. "आठ महिने आमच्यात बोलणं नव्हतं. मी त्याला म्हटलं, हा खेळ तुला रोटी देणार का? त्याने जबाब दिला नाही. मग मीही बोललो नाही. मला वाटलं, वेळ आहे."

हातोडी दोनदा पत्र्यावर पडली आणि थांबली.

"लहानपणी इथंच बसायचा. उर्दू शाळेतून सुटला की थेट दुकानात. मला उस्ताद म्हणायचा. मोठा झाला, मग काहीच म्हणेनासा झाला."

"अफरीन यायची दुकानात?"

"छे! ती मराठी शाळेत गेली. तिने इकडे कधी पाऊल टाकलं नाही."

भिंतीशी झाकणं, तळ आणि बाजूचे पत्रे वेगवेगळ्या थप्प्यांत लावले होते. प्रत्येकावर खडूने काहीबाही खूण. एका झाकणावर नजर पडताच नानांना राहवलं नाही.

"फारुखभाऊ, या वयात तुम्ही पण बदाम काढतात?"

फारुखभाई हसले नाहीत. "खूण आहे ती. एका पेटीच्या सगळ्या भागांवर एकच खूण. नाहीतर इसका ढक्कन उसको. हाताने वळवलेला पत्रा, दुसऱ्या पेटीला बसत नाही."

मयुरीने मोबाइलवर त्या झाकणाचा फोटो काढून घेतला.

घरी अफरीनने आपला कागद आणून आपटला. चिमणी, नंबर चार. वर डाव्या कोपऱ्यात तोच उलटा बदाम.

"तुझ्या भावाचे शेवटचे शब्द काय होते? जसेच्या तसे सांग."

"ऑक्सिजनचा मास्क होता तोंडावर. मी विचारलं, भाईजान, पाचवा कोणाकडे आहे? तो म्हणाला, 'ब...' पुढचं नीट आलं नाही. '...कडे शे.' ब म्हणजे बादलच ना? दुसरा कोण आहे ब?"

"'आहे' म्हणाला की 'शे'?"

"शे," अफरीन म्हणाली. "का?"

दारामागे हसीनाबी उभ्या होत्या. "माझ्या लेकाची शेवटची वस्तू आहे ती," त्या म्हणाल्या. "ज्याला मी लेक मानलं, त्यानेच ठेवून घेतली. आता कोणावर भरवसा ठेवू, तुम्हीच सांगा."

*

गुरुवारी फातिहा झाला, पाहुणे जेवून गेले. मयुरीने सगळ्यांना बैठकीत बसवलं होतं. बादल मात्र बोळातच उभा राहिला. चाचीने आत ये म्हटल्याशिवाय येणार नाही म्हणाला. हट्टीच तो!

"पाचव्या कागदाचा चोर सापडला नाही," मयुरीने सुरुवात केली. "कारण पाचवा कागद कधी नव्हताच."

"पण भाईजान म्हणाला की..." अफरीन उसळली.

"तुझा भाऊ घरात काय बोलायचा? हिंदी. पण तुला उत्तर देताना 'शे' म्हणाला. म्हणजे त्याच्या मनात तो खेळायला बसला होता, आणि गोष्ट तो अहिराणीत सांगायचा. मग ब वरून अहिराणीत काय? नाना, सगळ्यांकडे आहे हे कसं म्हणाल?"

"बठ्ठासकडे शे," नाना म्हणाले, आणि मग त्यांचीच ट्यूब पेटली. "अरे देवा!"

"बादलकडे नाही, बठ्ठासकडे. तुम्हा सगळ्यांकडे. आता बदामाचं बघू. तो फक्त सोनलच्या कागदावर असता तर प्रेम म्हटलं असतं. पण चौघांच्याही कागदावर आहे, प्रत्येकाच्या वेगळ्या कोपऱ्यात. फारुखभाई, तुमच्या दुकानातल्या झाकणावर अशीच खूण आहे. ती काय?"

फारुखभाईंनी दोऱ्याचा चष्मा सावरला. "आकडा आहे. उर्दूतला पाच. पाँचवीं पेटी."

सोनलने तोंडावर हात ठेवला.

"तुम्ही बदाम समजलात, कारण तुमच्यातलं कोणी उर्दू शाळेत गेलं नाही. आवेज गेला होता. आणि त्याहून जास्त शिकला तो वडिलांच्या दुकानात. ज्या भागांवर एकच आकडा, ते भाग एका पेटीचे. आता कागद मांडा. पाच पाचाला भिडू दे."

चार कागद सतरंजीवर आले. मयुरीकडे ठेवलेला बादलचा वर डावीकडे, सोनलचा शेजारी, खाली धर्मेंद्रचा आणि अफरीनचा. चारही कोपरे मधोमध भिडले. तुटलेल्या रेघा रेघांना मिळाल्या, अर्धी अक्षरं पुरी झाली. चौघांच्या मध्ये पाचवा बसलेला होता.

मांडी घातलेला रोबो. छाती पत्र्याच्या पेटीची, हातात हातोडी. चष्म्याच्या एका काडीला दोरा.

अफरीनने खालच्या ओळी वाचल्या, अडखळत. "नाव, उस्ताद. याच्याकडे शस्त्र नाही. मोडलेल्या रोबोंना जोडणं, एवढंच याचं काम. हा रागावला तरी याला जवळ बसवावं. याच्याशिवाय पलटण जुळत नाही."

"तुम्ही एकदा जरी एकत्र बसला असतात," मयुरी म्हणाली, "तर पहिल्याच दिवशी दिसला असता."

अफरीन हमसून रडायला लागली. धर्मेंद्र मान खाली घालून बसला. हसीनाबी उठल्या आणि आत गेल्या. भांड्यांचा आवाज झाला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात कडेला पोचा आलेली थाळी होती. त्या दारापर्यंत गेल्या.

"बादल, हात धुऊन घे," त्या म्हणाल्या. "खाना ठंडा हो रहा है." आणि उंबऱ्यातून बाजूला सरकल्या. बादल त्यांच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला.

फारुखभाई अजून कागदांकडेच बघत होते. त्यांनी एक बोट त्या दोऱ्यावर ठेवलं, मग स्वतःच्या कानामागच्या दोऱ्याला हात लावला.

"कसा खेळतात हा?" त्यांनी विचारलं.

बादल डोळे पुसत आत आला आणि खिशातला फासा काढून त्याने त्यांच्या तळहातावर ठेवला. "आधी गोष्ट सांगणारा बोलतो, चाचा. मग तुम्ही उस्ताद होऊन जबाब द्यायचा."

"गोष्ट सांगणारा कोण असतो?"

बादलने सतरंजीच्या टोकाशी एक जागा दाखवली. तिथे कोणी बसलेलं नव्हतं.

फारुखभाई सरकत सरकत त्या जागेसमोर गेले. मांडी घातली. फासा मुठीत घट्ट धरला.

"बोल, बेटा," ते म्हणाले. "मैं सुन रहा हूँ."