दुकानात उतरणारा जिना

गिऱ्हाईक काही उठत नव्हतं... आणि गोजरबाई भिंतीतल्या अंधाऱ्या जिन्यात, शेवटच्या पायरीवर, जीव मुठीत धरून उभी होती! परसातल्या संडासाला जायचं तर दुकानातूनच जावं लागे. माडीवरून दुसरी वाटच नव्हती.

जालन्याच्या बाजारातलं ते जुनं दुमजली घर. सागवानी खांबांच्या बैठकीत आता गाद्या घालून साड्या पसरलेल्या, देवळीत खणांचे गठ्ठे कोंबलेले, आणि चौकावर पत्रा ठोकून उजेडसुद्धा बंद केलेला! नवऱ्याच्या माघारी आपला हिस्सा गोजरबाईनंच धाकट्या दिराला, बद्रीनाथला, हसत देऊन टाकला होता. पोटच्या लेकरासारखा वाढवलेला दीर तो! दुकान चाललं, तो बायकोला घेऊन नव्या वसाहतीत राहायला गेला, आणि गोजरबाई माडीवर एकटी उरली. पंच्याऐंशी सालच्या लग्नसराईत ती विटक्या लुगड्यात खाली उतरली, तेव्हा तो हळूच म्हणाला होता, "वैनी, गिऱ्हाईक असताना उतरत जाऊ नका. बरं दिसत न्हाई."

त्या दिवसापासून तिनं दिवसा पाणी पिणंच सोडलं. सांगणार कुणाला? सांगायचीसुद्धा लाज!

आज मात्र पोटातली कळ मस्तकात गेली आणि ती पायरीवरच कोसळली. डॉक्टर तपासून म्हणाले, "दिवसभर पाणी पीत नाहीत का या? मूत्रपिंडाला सूज आलीय."

बद्रीनाथ चिडला. "वैनी, घरात नळ हाय, मंग पाणी का पेत न्हाई तुमी?"

तिनं तोंडावर पदर ओढला. "खाली दुकान असतंय, भाऊजी..."

एवढंच! बद्रीनाथचं तोंड उतरलं. मग तो म्हणाला, "मागून येगळा जिना काढतो, वैनी. बिलकुल कुणाच्या नजरंला पडायचं काम न्हाई."

उभ्या जन्मात गोजरबाई त्याला उलट शब्द बोलली नव्हती, पण आज डोळ्यांतलं पाणी न पुसताच ती म्हणाली, "म्हंजे... अजून लपवायचंच का मला?"

बद्रीनाथ तिच्या पायांवर कोसळला. "चुकलो, वैनी! माय म्हणायची सोडून तुमची लाज धरली मी!"

ती हिंडूफिरू लागली त्या दिवशी भर दुपारी तो जिन्यात आला. खाली लग्नाच्या बस्त्याला आलेली माणसं दाटीवाटीनं बसलेली. ती मागं सरली, तसा त्यानं तिचा हात धरला.

"सरका मंडळी, जरा वाट द्या," तो मोठ्यानं म्हणाला, "घराच्या मालकीणबाई येऊन राह्यल्या."

पसरलेल्या साड्या त्यानं स्वतः गोळा केल्या. माणसं उठून उभी राहिली. गोजरबाईची मान काही वर झाली नाही, इतक्या वर्षांची लाज ती... पण त्या दिवशी ती घाईनं चालली नाही.