अकरा तासांची चूक

दोनशे अकरा नंबरचा माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. मला ते ठाऊक नव्हतं. मी वैतागले होते ती नुसत्या टरफलांवर!

सावेडीतलं मच्छिंद्रशेठचं सायबर कॅफे. साल नव्याण्णव, सप्टेंबरचा शेवटचा रविवार. चार कॉम्प्युटर, टेलिफोनची एकच लाइन, आणि वरच्या मजल्यावर शेठच्या बायकोनं, मालनवहिनींनी, फोन उचलला की खाली चौघांचंही इंटरनेट गुल. परदेशातलं एक विद्यापीठ महिन्यातून एका शनिवारी इंटरनेटवर प्रोग्रॅमिंगची स्पर्धा घ्यायचं. कोडी यायची, आपण प्रोग्रॅम लिहून पाठवायचे, दुसऱ्या दिवशी यादी लागायची. नाव, गाव, नंबर. त्या लांबलचक यादीत अहमदनगरची दोनच नावं. दोनशे बाराव्या नंबरावर मी, शुभांगी. आणि बरोबर माझ्या डोक्यावर, दर महिन्याला, कुणीतरी गोरक्ष.

"अहो, टरफलं कीबोर्डात जातील."

"मॅडम, तुमी बटनं लई जोरात बडवता. मशीन त्यानंच जाईल."

मी तावातावानं वळले... आणि थबकले. त्याच्या पडद्यावर तीच यादी होती. त्याचं बोट माझ्या वरच्या ओळीवर टेकलेलं होतं.

"तुम्ही... तुम्हीच का ते दोनशे अकरा?"

त्यानं मान वर केली. सावळा, किडकिडीत, आणि डोळ्यांत असलं मिश्कील हसू, की माझा राग कुठल्या कुठे गेला. त्यानं शेंगांचा पुडा माझ्याकडे सरकवला. "मग दोनशे बारा तुमी व्हय? घ्या, शेंगा घ्या. हरलेल्याला पयला मान."

तेवढ्यात वर वहिनींनी फोन उचलला. चारही पडदे गोठले, आणि आम्ही दोघं एकदमच हसलो.

कॅफेबाहेरच्या बाकावर त्यानं माझी चूक दाखवली. कोडं होड्यांचं होतं. एका होडीत जास्तीत जास्त दोन माणसं, वजनाला मर्यादा, आणि सगळ्यांना कमीत कमी होड्यांत पलीकडे न्यायचं. मी वजनं क्रमानं लावून शेजारच्या-शेजारच्यांच्या जोड्या केल्या होत्या.

त्यानं बाकावर चार शेंगा मांडल्या. "ही तीस किलो, ही चाळीस, ही साठ, ही सत्तर. होडी पेलती शंभर. तुमी तीस-चाळीस संगं बशिवले. मग साठ-सत्तर एकत्र बसंनात. झाल्या तीन होड्या. आता बगा." त्यानं सगळ्यात मोठी शेंग सगळ्यात लहान शेंगेशेजारी ठेवली. "सत्तरासंगं तीस. साठासंगं चाळीस. दोन होड्यांत काम फत्ते. जडाला नेहमी हलकं माणूस द्यायचं."

"आणि तरीही बसलं नाही तर?"

"मग जड एकटाच जातो बिचारा," असं म्हणून त्यानं सत्तर किलो फोडून तोंडात टाकले.

गोरक्ष पाथर्डीकडच्या एका वाडीतला. नगरच्या कॉलेजात शिकून निकाल लागल्यावर घरी परतलेला, नोकरीच्या शोधात. दर रविवारी एसटीनं यायचा, स्पर्धा असेल तेव्हा शनिवारीही. प्रोग्रॅम वहीत लिहून आणायचा आणि एका बोटानं टायपायचा, कोंबडी दाणे टिपते तसा. मी भिंगारची. बाबा लष्कराच्या ऑफिसात सिव्हिलियन क्लार्क, त्यांनी मला दहावीनंतरच टायपिंग क्लासला घातलेलं. माझी बोटं पळायची आणि डोकं घसरायचं. अधिक आणि उणे यांत तर मी हमखास गोंधळायचे. माझ्या प्रोग्रॅमवरून नजर फिरवून तो शांतपणे म्हणायचा, "हितं उणे न्हाई, अधिक." मी चिडायचे, आणि तो हमखास बरोबर निघायचा.

'अहो'चं 'अरे' कधी झालं कळलंच नाही. रविवार मात्र मी सोमवारपासून मोजायला लागले होते.

डिसेंबरात स्पर्धा जोडीनं खेळायची होती. आम्ही एका नावावर खेळायचं ठरवलं, आणि त्याच रविवारी त्यानं खिशातून पत्राचं पाकीट काढलं. "पुण्याच्या कंपनीत लागलो. स्पर्धा झाली की सोमवारी हजर व्हायचं."

"अरे वा! पेढे कुठायत?" मी म्हणाले. आवाज ठीक निघाला, पण हातातली शेंग काही केल्या फुटेना. मला तो आवडत होता, चांगलाच आवडत होता, आणि ते सांगायला आता एकच शनिवार उरला होता.

स्पर्धेची वेळ दर महिन्याला बदलायची, आणि दिलेली असायची ती लंडनच्या घड्याळाची. या खेपेला दुपारचे बारा. मी पटकन साडेपाच तास वजा केले. "सकाळी साडेसहा. जमेल?"

त्यानं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "जमंल की."

गुरुवारी संध्याकाळी बाबांनी रेडिओ लावला. भिंतीवर आठ वाजलेले, आणि निवेदक सांगतोय, लंडनमध्ये दुपारचे अडीच! माझ्या हातातलं लाटणं थांबलं. साडेपाच तास मिळवायचे होते. स्पर्धा संध्याकाळी साडेपाचला होती! आणि तो बिचारा पहाटे चारला उठून थंडीत कुडकुडत येणार...

त्याच्या वाडीतल्या दुकानाचा फोन नंबर माझ्या वहीत होता. मी एसटीडी बूथपर्यंत गेले. दार ढकललं, रिसीव्हर उचलला. साडेसहा ते साडेपाच... अकरा तास. मी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि पाय लावून पळाले. वाईट वाटलं, नाही असं नाही. म्हणून शनिवारी पहाटे थर्मासभर चहा आणि बाबांचा जुना मफलर दप्तरात घालून निघाले.

तो कॅफेच्या बंद शटरसमोर पायरीवर बसला होता. नाक लाल झालेलं. वर गॅलरीत मच्छिंद्रशेठ मिश्री लावत उभे. "अगं पोरी, अकराच्या आत कवा उघडलंय का मी?"

"अय्या! वेळ चुकली वाटतं!" मी कपाळावर हात मारला. शाळेच्या गॅदरिंगच्या नाटकातसुद्धा मला कुणी काम का दिलं नव्हतं, ते मला तेव्हा समजलं.

"चुकली का? अरारा," गोरक्ष गंभीरपणे म्हणाला. "आता काय करायचं गं?"

मी त्याच्या गळ्यात मफलर टाकला. त्याला गाठ मारता येईना, मग तीही मीच मारली. थंडी होती, तरी माझे कान तापले.

पाथर्डीची एसटी धरून आम्ही चांदबीबी महालाकडे निघालो. भिंगार येताच मी ओढणीत तोंड लपवलं. "सिव्हिलियन क्लार्कांची कन्या फरार," तो पुटपुटला, आणि मी त्याला कोपरानं ढोसलं. डोंगरावर भन्नाट वारं होतं. जुन्या कोड्यांचे कागद उडायला लागले तसे आम्ही त्यांवर दगड ठेवले. एकाच थर्मासच्या झाकणातून आळीपाळीनं चहा प्यायलो. खाली नगर उन्हात पसरलेलं. कोडी तीन सुटली आणि गप्पा हजार झाल्या. त्यात जे सांगायचं होतं, तेवढंच राहिलं.

साडेपाचला आम्ही कॅफेत एकाच कॉम्प्युटरपुढे बसलो. तो वहीत लिहायचा, मी टायपायचे. "उणे न्हाई, अधिक" एवढंच मधे ऐकू यायचं. मालनवहिनींना मी आधीच हात जोडून आले होते, त्यांनी फोनवर चक्क टोपली उपडी घातली होती. दोन तासांत पाचांपैकी चार प्रोग्रॅम बरोबर! आजवर आम्हांला दोनच्या वर कधी जमलं नव्हतं.

बाहेर बाकावर आलो. त्याचा मुक्काम मित्राकडे होता, माझी भिंगारची बस यायची होती. आता नाही तर कधीच नाही.

"गोरक्ष, एक कबूल करायचंय. वेळ चुकलीये ते मला गुरुवारीच कळलं होतं. फोन करायला गेले होते मी... पण नाही केला." मी मान खाली घातली. "तुला उगीच पहाटे चारला उठवलं. रागावलास?"

वर पाहिलं तर गडी मफलरात तोंड खुपसून हसतोय.

"मला रविवारीच कळलं हुतं."

"काय?"

"तू वजा केलंस, तवाच. तुझं अधिक-उणं तीन महिनं तपासतोय मी. एवढं दिसनार न्हाई व्हय?"

"मग... मग सकाळी का आलास?"

"तू येनार हुतीस म्हनून." त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं. हसू मावळलं होतं. "सोमवारी जायचंय, शुभांगी. मला तुझ्यासंगं अकरा तास पायजे हुते. लई आवडतीस तू मला. पयल्या शेंगेपासनं."

मी नुसती मान हलवली, आणि ती हलतच राहिली.

"पुणं तीन तासावर हाय," तो हळूच म्हणाला. "पुढल्या रविवारी येतो. ह्यो मफलर परत द्यायला तुमच्या घरी येऊ का? दिवसाढवळ्या, म्होरल्या दारानं, तुझ्या बाबांच्या हातात?"

"ये," मी म्हणाले. "पण बाबा रागीट आहेत."

"म्हंजी जड मानूस. मी हलका हाय की, बसंल जोडी."

माझी बस वळणावर दिसली. मी डोळे पुसून उठले. "आणि जानेवारीची स्पर्धा? तिची वेळ या खेपेला तू काढ बाबा. मी पुन्हा उणे करीन."

त्यानं माझं दप्तर माझ्या खांद्याला अडकवलं, आणि हात पटकन मागे घेतला नाही.

"तूच काढ," तो म्हणाला. "आन् उनेच कर."